दत्तारामदादांचं विरजण

दत्तारामदादा,

आज सकाळी पुन्हा टकटक ऐकू आली. साडेआठची, तुमच्या वेळेची. आधी तीनदा, मग जरा थांबून एकदा. सात नंबरच्या टाकीच्या कठड्यावर ॲल्युमिनियमचा वाडगा आपटल्याची. हातातलं पेन टाकून मी शेडमध्ये गेले. टाकीपाशी कुणी नव्हतं. तुमच्या जागेवर आलेला माणूस पार दुसऱ्या टोकाला पेंडीची पोती रचत होता. "तुम्ही वाजवलंत का?" मी विचारलं. "काय वाजवलं, म्याडम?" तो म्हणाला. मी काही नाही म्हणून परत फिरले. तुम्हाला जाऊन बावीस दिवस झाले आणि त्यातल्या निम्म्या दिवशी तरी मी त्या बिचाऱ्याला हेच विचारलंय. तो आता माझ्याकडे जरा जपूनच बघतो.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. कराडहून मी रत्नागिरीला या कोळंबी संशोधन केंद्रात नोकरीला आले, त्याच आठवड्यात तुम्ही मला खाडीच्या राखणदाराची गोष्ट सांगितली होतीत आणि मी पुरावा मागितला होता. तुम्ही म्हणालात, "त्याच्याकडं पुरावा मागू नये बाय, नारळ द्यावा." मी खो-खो हसले होते. आता हसू येत नाही. टकटक ऐकू आली की भीती वाटते, आणि नाही आली तर दिवसभर चुकल्यासारखं वाटतं.

आपलं पहिलं भांडण त्या वाडग्यावरूनच झालं. कोळंबीला कान नसतात, असं मी तुम्हाला पुस्तक उघडून दाखवलं. तुम्ही चित्र नीट पाहिलंत, मान डोलावलीत आणि म्हणालात, "कान नसतील गो, पन पोट हाय ना." मग वाडगा वाजवलात, आणि तळाशी कौलांच्या तुकड्यांखाली दडलेल्या कोळंब्या एकेक करून बाहेर यायला लागल्या. कठड्याची थरथर पाण्यात जात असेल, मी म्हटलं. "मंग तेच तर," तुम्ही म्हणालात. तुमच्याशी वाद घालण्यात हीच अडचण होती. तुम्ही हरायचात कधीच नाही आणि जिंकल्यासारखं वागायचातही नाही.

मी कोळंबी खात नाही याची तुम्हाला केवढी गंमत वाटायची! केंद्राच्या साहेबांसमोरसुद्धा तुम्ही मला सोडलं नाहीत. "चाखलीस नाय कधी, आनि तिला काय आवडतं ते आमाला सांगतंस?" पण मला शिकवलं तुम्हीच. कोळंबी उजेडात धरून तिच्या पाठीतली काळी रेघ बघायची. रेघ अखंड असेल तर पोट भरलेलं. मध्येच तुटली असेल तर खाणं तोंडाला लागत नाहीये. कात टाकलेली कोळंबी दोन दिवस मऊ असते, तेव्हा तिला लपायला कौल हवं, नाहीतर बाकीच्या तिचा फडशा पाडतात. मी विद्यापीठातून पदवी आणली होती दादा, पण पाण्यात बघायचं कसं, हे मला तुमच्यामुळे कळलं. हे तुम्हाला एकदा तरी सांगायला हवं होतं.

आपलं काम खरं तर चुलीवरचंच होतं, त्याला नाव तेवढं भारदस्त होतं: जैवतंत्रज्ञानाच्या आधारे कोळंबीचं पोषण आणि आरोग्य. कोंडा, शेंगदाण्याची पेंड, सुक्या जवळ्याचा भुगा, त्यात गुळाचं पाणी आणि बाहेरच्या एका प्रयोगशाळेतून नळीत आलेलं यीस्ट. दोन दिवस झाकून आंबवायचं, सोऱ्यातून शेवया पाडायच्या, सावलीत वाळवायच्या. आंबवल्याने पेंड कोळंबीला पचते, अंगी लागते, आणि पोट चांगलं राहिलं की रोग जवळ येत नाही, अशी माझी मांडणी होती. सोऱ्या तुमच्या घरचा, काकींचा होता. तो एकदा इकडे आला तो परत गेलाच नाही, आणि दिवाळीला काकींनी शेजारणीकडून मागून आणला. यीस्टला तुम्ही विरजण म्हणायचात. मी दोनचारदा दुरुस्त केलं, मग मीही विरजणच म्हणायला लागले.

आणि मग मागच्या श्रावणात आई आजारी पडली म्हणून मी आठ दिवस कराडला गेले.

त्या आठ दिवसांत इथे काय झालं, हे मला कळायला सहा महिने लागले. वादळात खांब पडले, पाच दिवस वीज नव्हती. पोफळीच्या वीजघरात एवढी वीज तयार होते आणि आपल्या फ्रिजला पाच दिवस मिळाली नाही. नळ्यांमधलं यीस्ट खराब झालं, बादलीतलं खाद्य फुगेना, त्याला आंबूस वासाऐवजी कुजका वास यायला लागला. चार टाक्या त्याच खाद्यावर होत्या. खंड पडला असता तर पावसाच्या आधीपासून चाललेला प्रयोग पाण्यात गेला असता आणि माझी नोकरी त्या प्रयोगापुरतीच होती. मला ट्रंक कॉल लावायचा तर तारा पडलेल्या. तुम्ही काय केलंत? आत्तेभावाकडे गेलात, पहाटे माडावरून उतरवलेल्या ताज्या माडीचा फेस लोटीभर घेतलात, गुळाच्या पाण्यात वाढवलात आणि खाद्यात घातलात. तुमच्या घरात आजोबा-पणजोबांपासून माडी काढायचं काम. आंबतं ते कसं आंबतं, हे तुम्हाला कुणी शिकवायची गरज नव्हती. तुम्ही स्वतः माडीचा थेंब कधी घेतला नाहीत, हा त्यातला गमतीचा भाग.

मी परत आले तेव्हा खाद्य छान फुगलेलं होतं आणि वीज गेल्याचं तुम्ही सांगितलंत, पण माडीचं नाही. मग महिन्याभरात त्या चार टाक्यांमध्ये काय फरक पडला! आधी रोगाने शेपट्या झडायच्या, ते थांबलं. पाठीवरचे काळे डाग पुढच्या कातेबरोबर गेले आणि परत आले नाहीत. रेघा अखंड. साहेब स्वतः येऊन टाकीवर वाकले. मी रात्रंदिवस टाईप करून अहवाल लिहिला, त्यात नळीतल्या त्या यीस्टचं लांबलचक नाव अकरा वेळा आलं. अहवाल वर गेला. माझी मुदत वाढली. तुम्ही पेढा खाल्लात आणि म्हणालात, "चांगला झाला बाय." तेव्हा तुमच्या चेहऱ्यावर काय होतं ते आठवायचा मी बावीस दिवस प्रयत्न करतेय. मला फक्त पेढा आठवतो.

सहा महिन्यांनी सहज म्हणून मी सूक्ष्मदर्शकाखाली एक थेंब पाहिला. असायला हवं ते तिथे नव्हतंच. वेगळ्या, लांबट पेशी, आणि त्यांच्यामध्ये बारीक काड्यांसारखे जिवाणू. मी तुम्हाला बोलावलं. तुम्ही उभ्याउभ्या सगळं सांगितलंत, सांगताना जरासुद्धा अडखळला नाहीत.

"तुम्ही माझं सगळं खोटं ठरवलंत," मी म्हणाले.

"खोटं कशाला? कोलंबी जगली ना?"

"काय खाऊन जगली हे सांगता आलं पाहिजे! अहवालात एक नाव आणि बादलीत दुसरंच!"

"मंग लिव ना दुसरं. पन माडी लिवू नको गो. सरकारी हापिसात दारू आनली बोलतील. तुज्यावर येईल."

माझ्यावर येईल, म्हणालात. तुमच्यावर येईल हा विचार तुमच्या डोक्यातही नव्हता. आणि मी? मी साहेबांकडे जाऊन खरं सांगायला हवं होतं. ते मी केलं नाही. मी तुमच्याकडून कल्चरच्या, म्हणजे विरजणाच्या बाटल्यांच्या, खोलीची किल्ली मागून घेतली. सहा वर्षं तुमच्या करगोट्याला असलेली किल्ली तुम्ही सोडून माझ्या टेबलावर ठेवलीत. मग मी साऱ्या बाटल्या गोळा केल्या आणि कुकरमध्ये घातल्या. आपल्याकडे निर्जंतुक करायला घरगुती कुकरच होता. तुम्ही दारात उभे होतात, हातात जेवणाचा डबा. "बाय, जिवंत हाय गो ते," एवढंच म्हणालात. मी शेगडी पेटवली. पहिली शिट्टी झाली तेव्हा मागे पाहिलं, तर तुम्ही गेला होतात.

दादा, मला टकटकीपेक्षा त्या शिट्टीची भीती जास्त वाटते. घरी मी आता डाळ पातेल्यात शिजवते.

नळीतलं शुद्ध यीस्ट पुन्हा मागवलं. सगळं पुस्तकाप्रमाणे सुरू केलं, आणि तीन आठवड्यांत सात नंबरच्या टाकीत पहिली झडलेली शेपटी दिसली. मग डाग. मग सकाळी तळाशी दोन, चार, सहा मेलेल्या. माडीत यीस्ट एकटं नसतं, त्याच्या सोबतीला दह्यातल्यासारखे जिवाणू असतात, आणि बहुतेक तेच कोळंबीच्या पोटात राखण करत होते, असं मला आता वाटतं. नक्की अजून माहीत नाही. तेव्हा तर मी विचारही करायला तयार नव्हते. मी पाणी बदललं, पेंड बदलली, हवेचे पंप बदलले. फक्त तुम्हाला विचारलं नाही. तुम्ही मेलेल्या कोळंब्या जाळीने काढून पानावर ठेवायचात, माझ्या टेबलापर्यंत आणायचात, आणि काहीही न बोलता परत जायचात. त्या गप्प राहण्याचा मला इतका राग यायचा!

एकदा मात्र तुम्ही खिडकीशी आलात. मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले होते. "बाय, आनू काय?" तुम्ही विचारलंत. काय आणू, हे मी विचारलं नाही. वाटलं, पुन्हा लोटी भरून माडी. मी मानही वर न करता "नको" म्हणाले. तुम्ही थोडा वेळ तिथेच होतात, कारण काचेवर तुमची सावली होती. मी मुद्दाम डोळा काढला नाही.

पुढच्या रविवारी मी तरीच्या धक्क्यावर आले होते, हे तुम्हाला कधीच कळलं नाही. तुमच्या वाडीला यायला, माफी मागायला, काय करू हे विचारायला. होडी लागली, माणसं उतरली, चढली. नावाड्याने "चला ताई" म्हणून हाकही मारली. मी मनात पहिलं वाक्य जुळवत होते, ते काही जुळेना. होडी सुटली. मी बाजारातून उगाच भेंडी घेतली आणि घरी गेले. दोन दिवसांनी सकाळी तुम्ही उठून ओटीवर बसलात, काकींकडे पाणी मागितलंत, आणि त्या पाणी घेऊन येईपर्यंत गेलात.

तुम्हाला पोचवायला आम्ही सगळे आलो होतो. मी मागे उभी होते. चौथ्या दिवशी साहेबांकडे गेले आणि सगळं सांगितलं: माडी, नळी, अकरा वेळा लिहिलेलं खोटं नाव, कुकर. साहेबांनी जुना अहवाल काढून पुढ्यात घेतला. माणूस वाईट नाही. म्हणाले, "तुम्ही म्हणता ते खरं असेल. पण आज हे मी कशावरून मांडू? ते कल्चर आहे का जिवंत? नवी माडी आणून तेच येईल याची खात्री आहे का?" नव्हती. प्रत्येक माडाची माडी वेगळी, हे मला तुम्हीच सांगितलं होतंत. तुम्ही गेलात, आणि तुमचं काम मी तुमच्या आधीच मारून टाकलं होतं. त्या दिवसापासून टकटक ऐकू यायला लागली.

तेराव्याला मी होडी पकडली. वाक्य जुळलं नव्हतंच, तशीच आले. ओटीवर माणसं होती. बोटीवर नोकरीला असलेला तुमचा मुलगा अजून पोचला नव्हता, पुतण्याने सगळं केलं. काकींनी मला सरळ आत नेलं, चुलीपाशी पाट दिला. मी बसले, आणि काकी काही बोलायच्या आत मला तो आवाज आला. अगदी बारीक, सळसळणारा. कोपऱ्यातल्या फळीवर, चुलीची ऊब लागेल अशा बेताने, एक लोणच्याची बरणी ठेवलेली. तोंडाला फडकं बांधलेलं. फडक्याखाली फेस चढत होता.

त्यानंतर काकींसमोर जे झालं ते लिहायला मला जरा धीर गोळा करावा लागतोय, म्हणून बरणीचं पुढे काय झालं ते आधी सांगते. त्यातला थेंब काचेवर घेऊन मी साहेबांना दाखवला. त्याच लांबट पेशी, त्याच काड्या, माझ्या वहीत काढलेल्या चित्रासारख्या. त्यावर खाद्य आंबवायला घेऊन आज आठ दिवस झाले. सात नंबरमध्ये दोन दिवसांत एकही मेलेली दिसली नाही. एवढ्यावरून मी काही म्हणणार नाही, तुम्हीही म्हटलं नसतंत. जुना अहवाल मी मागे घेतलाय. नव्यात माडी लिहिली आहे, तुमचं नाव आणि आडनाव लिहिलंय, तुम्ही काय केलंत आणि मी काय केलं तेही. साहेबांनी 'माडी' या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ ओढून कागद परत दिला. मी रेघ खोडली आणि कागद पुन्हा त्यांच्या टेबलावर ठेवला. माझी मुदत वाढेल की नाही, ते ठाऊक नाही. न वाढली तर कराडला जाईन.

आता ते.

"बघतंस काय?" काकी म्हणाल्या. "त्यांचं हाय. तू कुकरात घातलंस ना, त्याच्या आदी डब्यातल्या वाटीत घोटभर काढून घेतलेला त्यांनी. तवापासून हाय. रोज गूळपानी घालायचे. आता मी घालते. ते गेले त्या दिवशी पन घातला. सुतक आमाला, त्याला काय सुतक?"

मी फडक्याखालचा फेस बघत होते.

"दीड म्हयना रोज हापिसात न्यायचे आनि सांजला परत आनायचे. बाटलीत भरून, फडक्यात गुंडाळून, पिशवीत. मी बोलले, देत का नाय तिला? तर बोलले, न मागता दिलं तर परत कुकरात घालील. मागंल ती."

ती पिशवी मी पाहिली होती, दादा. शेडच्या दारामागच्या खिळ्याला अडकवलेली असायची, खाकी. रोज चार वेळा मी तिच्यावरून जायचे. सात नंबरच्या टाकीत कोळंब्या मरत होत्या आणि त्यांचं औषध माझ्यापासून हातभर अंतरावर, फडक्यात उबेला, तुमच्या हातचा गूळ खात होतं. खिडकीशी येऊन तुम्ही विचारलंत, ते खिळ्यावरची ती पिशवी आणू का, एवढंच होतं.

मी रडले. काकी रडल्या नाहीत. त्यांनी बरणी उतरवली, माझ्यासमोर ठेवली, पण बरणीवरचा हात काही काढेनात. मी वाट बघत राहिले, आणि मग माझ्या लक्षात आलं की त्या पण वाट बघतायत.

"त्यांनी सांगून ठेवलंय गो," काकी म्हणाल्या. अगदी हळू, जवळजवळ माफी मागितल्यासारख्या. "मागितल्याबिगर देऊ नको."

बाहेर ओटीवर माणसं बोलत होती. कुणीतरी पाणी मागत होतं. बरणीत ते सळसळत होतं.

"काकी," मी म्हटलं, "मला द्या."

त्यांनी हात काढला. दोन शब्द, दादा. जीभ जळली नाही, पदवी गेली नाही, काही झालं नाही. त्या दिवशी खिडकीकडे मान वर करून मला एवढंच म्हणायचं होतं.